ब्रेकखालचा बेडूक

४ मे २०२५, रविवार, फोंडा (गोवा)

गेल्या पावसाळ्यापासून मनात असलेलं काम आजपासून वहीत.

दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन गाड्या आहेत. एकीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं यंत्र आहे, दुसरीला नाही. दोन्ही गाड्यांवर ब्रेकचा धडा मात्र एकच: "पंप कर." दाब, सोड, दाब, सोड. दादा ऐंशीच्या दशकात मिनीबसवर हात बसवून शिकला, तेव्हा हा धडा सोन्यासारखा होता. चाक जाम झालं की गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, म्हणून पायानेच चाक मोकळं करत राहायचं. पण एबीएसच्या गाडीत हे काम यंत्र करतं. सेकंदाला दहा-पंधरा वेळा, आणि ज्या चाकाला गरज आहे त्याच चाकाला. आपण वरून पंप करायला गेलो तर मिळालेला दाब आपणच सोडून देतो.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे आज आमच्याकडे शिकून जाणारी मुलं उद्या जी गाडी घेतील तिला ते असणारच. तरी धडा १९८५ चाच.

तोंडी सांगून दादा ऐकणार नाही. फरक मोजून दाखवायचा. तीच गाडी, तेच टायर, ताशी ४० किलोमीटर. एकदा एबीएस चालू, एकदा फ्यूज काढून. जमिनी तीन: कोरडं डांबर, सैल खडी, ओलं डांबर.

उसगावला ओळखीच्या एका ट्रकमालकाचं आवार आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे टिपर उभे असायचे. आता आत गवत आणि दोन गंजलेल्या ट्रॉल्या. डांबराची एक सरळ पट्टी आणि मागे चिऱ्याच्या खडीचं मैदान. फाटक बंद होतं, हे महत्त्वाचं. असले प्रयोग रस्त्यावर करायचे नसतात.

दादाने परवानगी दिली, वर एक तक्रारही दिली. "तुझी ती एबीएसवाली हळू असताना ब्रेक सोडते. उभी राहता राहता हातभर पुढे जाते." मी म्हटलं, तुझी पंप करायची सवय. तो काही बोलला नाही.

११ मे, रविवार

कोरडं डांबर. पहाटे सहाला पोचलो, कारण नऊनंतर डांबर तापून मऊ पडतं.

अंतर मोजायची पद्धत: पट्टीवर दर मीटरला चुन्याची रेघ. बाजूला तिपाईवर मोबाइल, सेकंदाला १२० चित्रं. मागचा ब्रेकचा दिवा ज्या चित्रात पेटला तिथून अंतर सुरू. म्हणजे माझी दचकायची वेळ त्यात येत नाही. चाळीसच्या वेगात दोन चित्रांमध्ये गाडी जेमतेम नऊ सेंटिमीटर सरकते. एवढी चूक चालेल.

मीटरचा काटा खरा धरला नाही, जीपीएसचा वेग धरला. ४० ऐवजी ४२ निघाला तर अंतर दहा टक्के वाढतं, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. प्रत्येक आकडा त्या हिशेबाने ४० वर आणला.

एबीएस चालू: ८.७, ८.९, ९.३, ८.८, ९.४ मीटर. ९.३ आणि ९.४ मी खोडले. पाय नीट पडला नसावा.

फ्यूज काढून: ९.९, १०.२, १०.१. तिसऱ्या वेळी गाडीची शेपटी डावीकडे गेली आणि पोटात गोळा आला. पुढचे दोन फेरे केलेच नाहीत. परत येताना टायर "धप धप धप" वाजत होते. जाम चाक फरफटलं की एकाच जागी घासून चपटं होतं. दादाने आवाज ऐकूनच सांगितलं, "टायर तुझ्या पगारातून."

१२ मे

रात्री गॅरेजवाल्या मेस्तकडे गाडी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका वाक्यात माझा प्रयोग अर्धा पाडला. "फ्यूज काढलास म्हणजे ईबीडीपण गेलं ना रे?" ईबीडी म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटणारी व्यवस्था.

खरंच. मीटरवर पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला होता, तो मी हँडब्रेकचा समजून सोडून दिला. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांना किती दाब द्यायचा हे या गाडीत तेच यंत्र ठरवतं. ते बंद केल्यावर मागची चाकं आधी जाम झाली, म्हणून शेपटी सुटली. तेव्हा फ्यूज काढलेली एबीएसची गाडी आणि मुळात एबीएस नसलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी. बिगर-एबीएस गाडीत मागचा दाब कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो. माझे फ्यूज काढलेले आकडे "एबीएसशिवाय" म्हणून नाही, "चाक जाम झालं तर" म्हणून वाचायचे. वहीत तसं लाल पेनने लिहिलं.

१८ मे, रविवार

खडीचं मैदान. आज दादाही आला, नुसता बघायला.

चाकं जाम करून सरासरी १३.१ मीटर. एबीएसने १५.९. म्हणजे एबीएसने गाडी जास्त लांब गेली, जवळजवळ तीन मीटर.

दादाचा चेहरा बघण्यासारखा होता. काही न बोलता बुटाच्या टोकाने खडीतली चरी दाखवली. जाम चाकासमोर तांबड्या खडीचा छोटा बांध तयार झालेला, वीतभर रुंद, चार बोटं उंच. चाक त्या बांधाला रेटत उभं राहिलं. एबीएसच्या फेऱ्यात चाक फिरत राहतं, त्यामुळे बांध धरतच नाही, चाक त्यावरून पुढे जातं.

यात नवल काही नाही, जगभर तेच दिसलंय. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेने १९९९ मध्ये छापलेल्या चाचण्यांत बहुतेक जमिनींवर एबीएसची गाडी लवकर थांबली, पण सैल खडीवर थांबायचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं. आमच्याकडे २१ टक्के आलं. खडी वेगळी, टायर वेगळे, दिशा तीच.

एबीएस म्हणजे कमी अंतरात थांबणं, असं मीही आजवर मुलांना सांगत आलो. ते काढून टाकायचं.

दादा परतताना एवढंच म्हणाला, "आता खडीवर स्टिअरिंग फिरवून बघ." बघितलं. चाकं जाम असताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, गाडी सरळ. एबीएसने गाडी वळली. लांब गेली, पण वळली. हे त्याने बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही.

२५ मे, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. आवारात घोटाभर पाणी. काम नाही. गाडी आणि माणूस दोन्ही घरी.

१ जून, रविवार

ओलं डांबर. पहिल्या पावसाचा तेलकट चिखल धुऊन गेलाय, आता नुसतं पाणी. हा खरा धडा.

एबीएसने ११.६, ११.८, १२.३, ११.७. परत एक आकडा वेगळा निघाला, तो परत खोडला. चाकं जाम करून १५.२ आणि १५.४. साडेतीन मीटर, म्हणजे एका हॅचबॅकची लांबी.

अंतरापेक्षा मजेची गोष्ट पुढे. पट्टीच्या मधोमध पाण्याचे रिकामे जार उभे केले, आणि बारा मीटर आधी पूर्ण ब्रेक मारून उजवीकडे काढायचं ठरवलं. चाकं जाम असताना पुढची चाकं उजवीकडे वळलेली स्पष्ट दिसतात आणि गाडी मात्र सरळ जारांवर. तिन्ही वेळा. जार उडाले, एक फुटला.

याचं कारण मुलांना असं सांगणार आहे: टायरजवळ पकडीची एकच पिशवी असते. थांबायचं असो की वळायचं, पैसे त्याच पिशवीतून. चाक जाम झालं की सगळी पिशवी पुढे घसरण्यात रिकामी, वळायला दमडी उरत नाही. चाक गाडीपेक्षा थोडंसंच हळू, साधारण दहा ते वीस टक्के हळू फिरत असेल, तेव्हा ब्रेकची पकड सर्वांत जास्त असते आणि वळायलाही काही शिल्लक असतं. एबीएस चाकाला त्या पट्ट्यात धरून ठेवायची धडपड करतं. त्याच्याकडे कामं तीनच: दाब धर, दाब सोड, दाब परत वाढव. प्रत्येक चाकाला आत जायचा आणि बाहेर पडायचा असे दोन व्हॉल्व्ह, आणि सोडलेलं ऑइल परत वर ढकलणारा पंप. पायाखाली जे थरथरतं ते हेच.

एबीएसने तिन्ही वेळा जार वाचले. तिसऱ्या वेळी मी स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त ओढलं आणि गाडी पट्टी सोडून गवतात. गवत होतं म्हणून ठीक. तिथे गटार किंवा माड असता तर? अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. एबीएसच्या गाड्यांचे ओल्या रस्त्यावरचे एकमेकांवर आदळण्याचे आणि पादचाऱ्यांना ठोकण्याचे जीवघेणे अपघात कमी झाले, पण रस्ता सोडून बाहेर जाण्याचे वाढले. माझा अंदाज असा: ब्रेक मारूनही गाडी वळते, हे घाबरलेल्या हातांना माहीत नसतं. ते पूर्वीसारखंच सगळं ओढतात, आणि आता गाडी ऐकते.

८ जून, रविवार

आज शिकणारे चौघे आवारात. वेग ३० वर, जार लांब.

निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी पहिल्यांदा ब्रेक मारला तेव्हा एबीएस लागलंच नाही. "जोरात, बाई." "मारला की जोरात." बाजूच्या पेडलवर माझा पाय होता, त्यामुळे त्यांचा दाब मला कळत होता. मटारची शेंग फुटेल एवढा. सीट मागे होती, गुडघा सरळ झालेला, पायात जोर येणार कुठून? सीट दोन खाचा पुढे घेतली. गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. चौथ्या वेळी त्यांनी खरा ब्रेक मारला, पेडल गुरगुरलं, आणि बाईंनी किंचाळून पाय वर घेतला.

"अरे बाबा, पायाखाली जिवंत बेडूक आला!"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ही वही ज्या गोष्टीवरून सुरू झाली ती हीच. गेल्या जुलैत रात्री फर्मागुडीहून फोंड्याच्या उतारावर येत होतो. पाऊस, आणि रस्त्यावर गाय बसलेली. मी ब्रेक मारला, पेडल गुरगुरलं, आणि मला वाटलं ब्रेक तुटला. पाय उचलला. अर्धा सेकंद असेल. परत दाबेपर्यंत गाय समोर होती, गाडी डावीकडे घातली आणि चाक गटाराच्या कठड्यावर चढलं. गायीला काही झालं नाही, ती उठलीसुद्धा नाही. मी लोकांना गाडी शिकवतो, एबीएस म्हणजे काय ते मला पुस्तकात माहीत होतं. पायाला माहीत नव्हतं. ४० च्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे साडेपाच मीटर.

हे आज पहिल्यांदा चौघांना सांगितलं. दादा फाटकाजवळ उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याला मी तेव्हा "गाय मध्ये आली" एवढंच सांगितलं होतं.

मग बाईंना तेच परत, सात वेळा. सातव्या वेळी बेडूक ओरडत असताना पाय तसाच, आणि हात जारांच्या बाजूने. त्यांचं म्हणणं, "ओरडू दे त्याला."

१५ जून

दादाची जुनी तक्रार परत. काल वरच्या बाजारातल्या उतारावर गाडी उभी करताना पुढे सरकली आणि एका स्कूटरला टेकली. ओरखडा नाही, पण स्कूटरवाला बोलायचं ते बोलला.

मी ब्रेक ऑइलवर संशय घेतला. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्याकडे हवेत ओलीला कमी काय? डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, ओल पिऊन जुनं झालं की ती हद्द १५५ पर्यंत येते. त्यापुढे उतारावर ब्रेक तापले की ऑइलात वाफ धरते आणि पेडल खाली जातं. बाटलीवरची तारीख बघितली तर बदलून तीन वर्षं. दोन वर्षांनी बदलायला हवं होतं. बदललं. हवा काढली. पेडल छान कडक.

तक्रार तशीच. अर्थात, वाफेचा ब्रेक आणि पार्किंगमध्ये सरकणारी गाडी यांचा संबंध नव्हताच. मला सोपं उत्तर हवं होतं.

२९ जून, रविवार

आज मी स्वतः दादासारखी गाडी चालवली. म्हणजे हळू, म्हातारबुवासारखा हलका ब्रेक, वीसवरून आरामात शून्यावर. पहिल्याच थांब्याला, ताशी दहाच्या आसपास, पायाखाली बेडूक. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, चाक जाम व्हायचं काही कारण नाही. आणि गाडी हातभर पुढे.

दहा वेळा केलं. दहाही वेळा.

दादाची माफी घरी जाऊन मागितली. तो पेज जेवत होता. "मे महिन्यातच सांगितलं होतं," म्हणाला, आणि लोणच्याची बरणी पुढे केली.

२ जुलै

मेस्तकडे. मीटरवर एबीएसचा दिवा नाही, स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही. यंत्राच्या मते सगळं ठीक.

गाडी जॅकवर. प्रत्येक चाकाच्या सेन्सरचा रोध मोजला, चारही जवळपास सारखे, हजार-बाराशे ओहम. मग माझा लॅपटॉपला लागणारा छोटा ऑसिलोस्कोप (तारेतल्या विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र) सेन्सरच्या तारांना लावून चाक हाताने फिरवलं. हा सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्यावर तारेचा वेढा. समोरून दातेरी रिंग फिरते, दात आला-गेला की तारेत एक लाट उठते. लाटा मोजल्या की चाकाचा वेग. रिंगला ४४ दात, टायर जमिनीवर एका फेऱ्यात साधारण १.९ मीटर जातो, म्हणजे ४० च्या वेगात सेकंदाला अडीचशेच्या वर लाटा.

उजवं चाक: एकसारख्या लाटा, शाळेतल्या मुलाने रांगेत काढलेल्या टेकड्या. डावं चाक: टेकड्या, टेकड्या, आणि मध्येच एक लांब दरी. परत टेकड्या. दर फेऱ्याला एक दरी.

मेस्तने एक्सल काढला. टॉर्च धरून म्हणाले, "पळय हांगा," म्हणजे बघ इथे. सुरुवातीला मला दिसलंच नाही. त्यांनी नखाने गंजाचा पापुद्रा काढला. रिंगच्या दोन दातांमधल्या खाचेत केसासारखी रेघ, वरपासून खालपर्यंत. नख अडकत होतं. खाली, रिंग जिच्यावर बसते त्या एक्सलच्या जॉइंटच्या लोखंडावर गंज चढून फुगलेला, पानाच्या विड्यासारखे थर. लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते, आणि ती त्याने रिंग फोडून मिळवली.

ही गाडी आमच्याकडे येण्याआधी कळंगुटला भाड्याने फिरायची. काळ्या पाटीवर पिवळे आकडे. पाहुण्यांनी ती किती वेळा ओल्या वाळूत घातली असेल, खाऱ्या पाण्याने किती वेळा न्हाली असेल, कोण जाणे.

रिंग फुटली की ती फट थोडी उघडते, त्या दोन दातांमधलं अंतर वाढतं. एबीएसच्या कंट्रोलरला पुढची लाट उशिरा मिळते. त्याला वाटतं, हे चाक अचानक मंदावलं, जाम होतंय. तो त्या चाकाचा दाब सोडतो. त्याच्या माहितीप्रमाणे तो बरोबरच वागतो.

मग जोरात असताना का नाही? वेगात कंट्रोलर एका हिशेबात अनेक लाटा एकत्र धरतो, त्यात एक दरी बुडून जाते. हळू असताना एका हिशेबाला एक-दोनच लाटा मिळतात, तिथे दरीचं वजन पडतं.

हे लिहीत असतानाच दुसरं सुचलं, आणि मी मागची पानं काढली. ११ मेचे खोडलेले ९.३ आणि ९.४. १ जूनचा खोडलेला १२.३. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक मारून ताशी दहावरून शून्यावर यायला गाडीला जेमतेम अर्धा मीटर लागतो, म्हणजे चाकाचा तिसरा हिस्साही फिरत नाही. त्या तुकड्यात भेगेची सेन्सरशी गाठ पडली तर पडली. तीन-चार थांब्यांत एकदा. दादा हळू थांबतो, त्याचं चाक त्याच वेगात तीन-चार फेरे घेतं, त्याला भेग दर वेळी भेटते. मी जोरात थांबवत होतो म्हणून मला क्वचित भेटली, आणि भेटली तेव्हा मी तिला पायाची चूक म्हणून खोडलं.

आकडे खोडले होते रेघ मारून, खोडरबराने नाही. म्हणून आज वाचता आले.

१३ जुलै, रविवार

रिंग गोव्यात मिळाली नाही. बेळगावला मावसभाऊ गेला होता, त्याच्याकडून मागवली. दुकानदाराने "हीच लागते" म्हणून दिली. दिसायला तीच, आतला व्यास तोच. मेस्तने सहज दात मोजले: ४८.

बसली असती. आणि कंट्रोलरला डावं चाक कायम नऊ टक्के जोरात पळताना दिसलं असतं. परत पाठवली.

मधल्या दिवसांत ती गाडी शिकवायला काढली नाही. फ्यूज काढून चालवायचा मोह दादाला झाला होता, पण ईबीडीचं त्याला मीच सांगितलेलं, आणि त्याने ऐकलं. शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला, एबीएस नसलेलंच बरं, असलं की माणूस पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवतो. हे अगदीच हवेत नाही. म्युनिकमध्ये टॅक्सींवर असाच प्रयोग झाला होता, काहींना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत, त्यांचं चालवणं जास्त आडदांड झालेलं दिसलं. तो टॅक्सीवाला स्वतः कसा चालवतो, ते मी विचारलं नाही.

१९ जुलै

४४ दातांची रिंग आली. मोजूनच पिशवीतून बाहेर काढली.

जुनी रिंग छिन्नीच्या एका टोल्याने सुटली. जॉइंटवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत काढला, या कामाला दीड तास. हे टाळलं तर नवी रिंगही दोन पावसाळ्यांत फुटेल. मग नवी रिंग तेलाच्या भांड्यात तापवली. मेस्त गॅसची ज्योत थेट लावू देत नाहीत, एका बाजूने तापून वाकडी होते. तापलेली रिंग चिमट्याने उचलून जॉइंटवर सोडली, "टक" आवाज करून ती जागेवर बसली, आणि गार होता होता तिने जॉइंट घट्ट धरला. ठोकावं लागलं नाही. सेन्सरच्या टोकाला लोखंडाच्या भुकटीची काळी दाढी होती, डिस्कची झीज चुंबकाला चिकटलेली. ती पुसली.

स्कोपवर दोन्ही बाजूंना टेकड्याच टेकड्या.

२० जुलै, रविवार

उसगाव, ओलं डांबर, धो धो नाही पण सततची रिपरिप. एबीएसने ११.५, ११.७, ११.६, आणि चौथा परत ११.६ वाटला, पण नीट बघून ११.८. आज काही खोडलं नाही.

मग दादाने गाडी घेतली. हळू, हलका ब्रेक, दहा थांबे. बेडूक नाही. अकराव्याला त्याने स्वतःहून वेग ४० वर नेला आणि रेघेवर ब्रेक मारला. चाळीस वर्षांचा पाय. बाजूच्या पेडलवर मला त्याच्या पायाची एक हालचाल कळली, वर उचलायला निघालेला आणि अडखळलेला. मग तो खाली गेला आणि खालीच राहिला. गाडी थरथरत उभी राहिली. जारांच्या बाजूने.

"वाईट आवाज आहे," म्हणाला. परत केलं, परत केलं. पाचव्या फेऱ्यापर्यंत अडखळणं गेलं.

२७ जुलै

ऑफिसातल्या फळ्यावर रंगवलेला नियम तिसरा, "ओल्या रस्त्यावर ब्रेक पंप करा", खोडायचा की नाही यावर चर्चा. खोडायचा नाही असं ठरलं, कारण दुसऱ्या गाडीला तो लागतो. दादाने खडूने खाली जोडलं: "एबीएसच्या गाडीत पूर्ण दाबा, सोडूं नाका." अर्धं मराठी, अर्धं कोंकणी. बाई आल्या होत्या, त्यांनी मास्तरणीच्या नजरेने बघितलं आणि सोडून दिलं.

उरलेली कामं: चपटे झालेले दोन टायर (माझ्या पगारातून, तो विषय दादा विसरलेला नाही). मागच्या ड्रमच्या आतल्या रिंगा बघायच्या. उजव्या पुढच्या रिंगखाली गंज धरायला लागलाय, भेग अजून नाही. तीही मागवायची. मावसभाऊ चतुर्थीआधी परत बेळगावला जाणार आहे. दादाने त्याला फोनवर दुकानाचं नाव सांगितलं, रिंगचा व्यास सांगितला, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "आणि हे बघ, दुकानातच दात मोज."